माकडलिंबाच्या आसऱ्याचा नीलवंत

पावसाची उघडीप होऊन ओढ्याकाठच्या वाटेवर ऊन उतरले, की सह्याद्रीच्या जंगलात एक थोरले फुलपाखरू झपाट्याने वळणे घेत डोळ्यांसमोरून निघून जाते. काळ्या मखमली पंखांवर फिकट निळे पट्टे, मागच्या पंखांच्या निळाईवर काळे ठिपके आणि बारा ते पंधरा सेंटिमीटरांचा पंखविस्तार, असा हा नीलवंत भारताच्या द्वीपकल्पात आणि श्रीलंकेत आढळतो. २०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे हे देशातले पहिले राज्य.

मात्र नीलवंताचे जंगल ओळखायचे तर उंच वृक्षांपेक्षा त्यांच्या सावलीतली झुडपे पाहावीत. त्याच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या वनस्पतींवरच वाढतात आणि रानात त्यांचा मोठा आधार म्हणजे काटेरी माकडलिंबू. अंडी घालू पाहणारी मादी पानापानावर क्षणभर टेकते, पुढच्या पायांनी पान थोपटते आणि पायांवरच्या चवग्राहकांनी ते योग्य आहे की नाही हे पारखते. पसंत पडलेल्या पानावर ती गोल, मोत्यासारखे एकच अंडे चिकटवते आणि पुढे जाते.

अंड्यातून निघालेली कोवळी अळी आधी अंड्याचे कवच खाते. मळकट रंगावर पांढरे डाग असल्याने ती पानावर पडलेल्या पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, आणि उघड्या पानावर बसूनही तिचा बचाव होतो तो या रूपामुळेच. चार वेळा कात टाकून मोठी झाली, की ती पानांत मिसळणारी हिरवी होते. तिला डिवचले तर डोक्यामागून दुभंगलेले, मांसल शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. ही बचावाची ग्रंथी तिच्या साऱ्या कुळाची ओळख आहे. पुढे रेशमी धाग्याचा कंबरपट्टा बांधून ती फांदीला टेकते व तिचा कोष होतो.

नर ओल्या मातीवर सोंड लावून क्षार शोषताना दिसतात. फुलातला मध पितानाही नीलवंताचे पंख फडफडतच राहतात, त्यामुळे तो निवांत न्याहाळायचा तर ही ओली माती बरी.

रान साफ करण्याच्या नावाखाली खालची झुडपे तोडली जातात, तेव्हा वरचे छत शाबूत असूनही अळीला खायला पान उरत नाही. उलट रानालगतच्या परसात लिंबू, पपनस असले तर मादी तिथेही येते. कुंडीतल्या लिंबाची पाने कुरतडलेली दिसली, तर औषध फवारण्याआधी पानावरचा तो पांढुरका डाग जरा जवळून पाहावा.