बायडिल ही हार्ट फेल्युअरची गोळी फक्त कृष्णवर्णीयांचीच कशी झाली

अमेरिकेत काळ्या लोकांच्या रक्तवाहिन्या गोऱ्यांपेक्षा कमी सैल पडतात, हृदयाला रक्त कमी पोचतं, कारण ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस जास्त, असं वाचलं की आधी विचारावं हा वंशाचा मुद्दा आला कुठून. मूळ शोधाचा वंशाशी काही संबंध नव्हता. 1980 मधे फर्चगॉट या शास्त्रज्ञांनी सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर दाखवलं की आतलं नाजूक अस्तर खरवडलं गेलं तर एरवी नळी सैल करणारं अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन टाकूनही पट्टी सैल होत नाही, म्हणजे अस्तरातूनच काहीतरी सुटतंय. ते निघालं नायट्रिक ऑक्साइड, 1998 ला त्यावर नोबेल. सुपरऑक्साइड हा आडदांड रेणू ते नायट्रिक ऑक्साइड खाऊन टाकतो आणि नळी आखडते, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा इथला अर्थ एवढाच.

त्याच काळात अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांत हार्ट फेल्युअरच्या 642 पुरुषांवर हायड्रालाझीन आणि आयसोसॉर्बाइड या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधांची ट्रायल सुरू होती. या दोघांना एकत्र करून बायडिल बनवली, 1997 ला एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने, नाही म्हटलं. मग 1999 मधे तोच जुना डेटा काळे-गोरे असा फोडला, काळ्यांत फायदा दिसला (त्या पहिल्या ट्रायलमधे हे औषध मिळालेले काळे पेशंट होते फक्त 49!), आणि पेटंटही नवीन मिळालं, जुनं 2007 ला संपणार होतं, हे वंशावर बेतलेलं 2020 पर्यंत. मला इथेच पाल चुकचुकते.

पुढची ट्रायल 1050 जणांवर, सगळे स्वतःला काळे म्हणवणारे. बायडिल न मिळालेल्यांत मृत्यू 10.2 टक्के, मिळालेल्यांत 6.2, म्हणून 2004 ला ट्रायल मधेच थांबवली, 2005 ला मंजुरी. फायदा खराच, पण गोरा पेशंट एकही घेतला नव्हता, मग फरक वंशाचा हे ठरवलं कसं? त्याच 2004 ला प्रयोगशाळेत काळ्या दात्यांच्या अस्तरपेशींत सुपरऑक्साइड जास्त, नायट्रिक ऑक्साइड कमी सापडलं आणि स्पष्टीकरण आयतं हाताशी आलं.

पण 1997 मधेच कूपर या संशोधकाच्या टीमने आफ्रिकी वंशाच्या लोकांत बीपी मोजलं होतं, पश्चिम आफ्रिकेत 16 टक्क्यांना हाय बीपी, कॅरिबियनमधे 26, अमेरिकेत 33. पूर्वज तेच, पत्ता बदलला की आकडा दुप्पट.

बायडिल मात्र काही खपली नाही, 2008 ला कंपनीने तिची जाहिरातच बंद केली, कारण दोन्ही औषधं सुटी जेनेरिक स्वस्तात मिळत होती.