पाण्यात उभी राहून सुकणारी तूर

पावसाची झड लागली, की मराठवाड्यातल्या काळ्या रानात सखल जागची तूर आधी पिवळी पडते आणि मग माना टाकते. मुळाशी पाणी तुंबलेलं, तरी झाड तहानेने सुकल्यासारखं दिसतं. याचं कारण मुळांच्या श्वासात आहे.

शाळेत प्रकाशसंश्लेषण इतकं घोकून घेतात, की झाडं फक्त ऑक्सिजन सोडतात असाच समज होऊन बसतो. खरं तर झाडाची प्रत्येक जिवंत पेशी रात्रंदिवस ऑक्सिजन घेते, साखर जाळते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. (म्हणून खोलीतल्या कुंडीला घाबरू नका. शेजारी झोपलेला माणूस तिच्यापेक्षा कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो.) पानांनी कमावलेल्या साखरेतली साधारण निम्मी या श्वसनातच खर्ची पडते. उरते तिच्यातून खोड, पान, दाणा घडतो. ऊब वाढली की हा खर्चही वाढतो. रब्बीत रात्री गरम गेल्या तर गव्हाचा दाणा बारीक राहतो, त्यात याचाही वाटा असतो.

झाडाला फुप्फुस नाही, हवा पोहोचवणारं रक्तही नाही. पानं आपल्या रंध्रांतून हवा घेतात, मुळांना ती मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळवावी लागते. आणि मुळांचा खर्च मोठा. नत्र, पालाश आत ओढून घ्यायला ऊर्जा लागते. ऑक्सिजन असेल तर ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपी या ऊर्जा देणाऱ्या रसायनाचे ३० च्या आसपास रेणू मिळतात, नसेल तर जेमतेम २.

पाणी साचलं की पोकळ्यांतली हवा हुसकली जाते. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो, आणि उरलासुरला मुळं आणि मातीतले जिवाणू मिळून संपवतात. गुदमरलेल्या मुळांच्या पेशींमधला रस आम्लधर्मी होतो आणि त्यांच्या पडद्यांमधली पाण्याची दारं मिटतात, म्हणून पाण्यात उभं असूनही झाड सुकतं. तुरीच्या मुळांवरच्या गाठींचं नत्र बांधण्याचं कामही थंडावतं. पान पिवळं पडतं ते यामुळे. अशा वेळी युरिया फेकण्यात काही अर्थ नाही, तो ओढून घ्यायला मुळांत त्राण कुठलं? आधी चर काढून पाणी बाहेर काढायचं. सोयाबीन-तुरीला रुंद वरंबा सरी पद्धत (पीक उंच वरंब्यावर, जादा पाणी बाजूच्या सरीतून बाहेर) सुचवतात तीही याचसाठी. जुनीजाणती माणसं वाफसा आल्याशिवाय रानात पाय घालत नाहीत. वाफशावर मातीत ओल आणि हवा दोन्ही नांदतात.

मग भात चिखलात कसा तगतो? त्याच्या खोडापासून मुळांपर्यंत हवेच्या पोकळ नळ्या असतात. भाताचं रोप उपटून मुळं धुऊन पाहा, बऱ्याचदा त्यांच्यावर तांबूस थर दिसतो. मुळातून बाहेर झिरपलेल्या ऑक्सिजनने चिखलातलं लोह गंजून तिथे बसलेलं असतं. खाडीकाठच्या तिवराने आणखी वेगळी वाट काढली आहे. त्याची मुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर येतात आणि ओहोटीच्या वेळी बारीक छिद्रांतून हवा घेतात.

तुरीकडे यातलं काही नाही. बाल्कनीतल्या तुळशीकडेही नाही. तिने मान टाकली की आपण आणखी तांब्याभर पाणी ओततो. त्याआधी कुंडीत बोट खुपसून पाहावं. माती ओली लागली तर पाणी थांबवायचं आणि कुंडीच्या तळाचं भोक बुजलंय का ते बघायचं.