खिशातले नाणे, डबीतले नाणे: बालसाहित्यावरील स्मारक नाण्यांची पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये या विषयाची खरी सुरुवात 2016 ची. पीटर रॅबिट या सशाच्या कथा लिहिणाऱ्या बीट्रिक्स पॉटरच्या जन्माला दीडशे वर्षे झाली, म्हणून 50 पेन्सची (अर्ध्या पौंडाची) पाच नाणी निघाली: एक जयंतीचे आणि चार प्राण्यांची. पीटर रॅबिट सुमारे 97 लाख, मिसेस टिगी-विंकल 88 लाख, स्क्विरल नटकिन 50 लाख आणि जेमायमा पडल-डक अवघी 21 लाख. तेव्हापासून जेमायमाला 'दुर्मीळ' हे बिरुद चिकटले ते आजतागायत. 2018 च्या पीटर रॅबिट आणि फ्लॉप्सी बनी या नाण्यांची संख्या प्रत्येकी 14 लाखांच्या आसपास आहे, म्हणजे जेमायमापेक्षाही कमी. पण पहिल्या वर्षीचा बोलबाला पुसला गेला नाही. उलट 2017 चे बेंजामिन बनी अडीच कोटींच्या घरात आहे, ते अजूनही सुट्या पैशांत सापडते. पीटर तिन्ही वर्षी आला, त्यामुळे विकत घेताना नुसता ससा पाहू नये. सन राणीच्या बाजूला असतो, तो आधी वाचावा.

एवढी चित्रे 50 पेन्सवरच का, याचे उत्तर आकारात आहे. 1997 मध्ये हे नाणे 30 मिलिमीटरवरून 27.3 वर आणि साडेतेरा ग्रॅमवरून 8 ग्रॅमवर आले, तरी रोजच्या नाण्यांत त्याचा चेहरा ऐसपैस राहिला. सात बाजू असूनही त्याची रुंदी सगळीकडून सारखी भरते, म्हणून यंत्रात ते गोल नाण्यासारखे सरकते. धातू 75 टक्के तांबे आणि 25 टक्के निकेल.

ही कल्पना मात्र ब्रिटनची नव्हे. डेन्मार्कने आपला परीकथाकार हान्स अँडरसन याच्या जन्मद्विशताब्दीनिमित्त 2005 ते 2007 या काळात 10 क्रोनरची पाच नाणी काढली. कुरूप बदकाचे पिल्लू आणि जलपरी त्यांतलीच. जर्मनीत ग्रिम बंधूंच्या कथांची मालिका 10 युरोवर सुरू झाली आणि 2016 मध्ये लाल टोपीवालीच्या कथेपासून 20 युरोवर गेली, 925 चांदीत, 18 ग्रॅम वजनाची. फिनलंडने मूमिन या काल्पनिक प्राण्यांच्या कथांची लेखिका टोवे यान्सन हिच्यासाठी 2014 मध्ये 2 युरोचे नाणे काढले.

या 2 युरो आणि 20 युरोच्या नाण्यांमधूनच 'कायदेशीर चलन' या शब्दाचा गुंता नीट दिसतो. जाहिरातीत दोन्हींबद्दल हाच शब्द वापरला जातो. पण 2 युरोचे स्मारक नाणे युरो चालणाऱ्या सर्व देशांत स्वीकारले जाते, तर 20 युरोचे संग्राहक नाणे कायद्याने फक्त काढणाऱ्या देशापुरते. फ्रान्समधल्या दुकानदाराला जर्मन लांडगा दाखवून उपयोग नाही. ब्रिटनमध्ये हा शब्द याहून फसवा आहे. तिथे त्याचा अर्थ एवढाच, की कर्ज फेडताना देणेकऱ्याने पुरती रक्कम अशा नाण्यांत देऊ केली, तर पैसे दिले नाहीत म्हणून त्याच्यावर दावा चालत नाही. दुकानाने ते घ्यायलाच हवे, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. शिवाय 50 पेन्सला दहा पौंडांची मर्यादा आहे. विसावे नाणे चालेल, एकविसाव्याला समोरचा नाही म्हणू शकतो. 5 पौंडांच्या नाण्याला अशी मर्यादा नाही, पण 'ॲलिस इन वंडरलँड'वरच्या 2021 च्या अशा नाण्याने दुकानात काही घेऊन दाखवा! ते विकले गेले दर्शनी मूल्याच्या दुपटीहून जास्त किमतीला, आणि ते चलनात आणण्याचा हेतूच नव्हता. 'कायदेशीर चलन' म्हणजे 'खर्च करता येईल असे' हा समज विक्रेत्यांच्या सोयीचा आहे, म्हणूनच तो कोणी दुरुस्त करत नाही.

तेव्हा विचारायचा प्रश्न एकच: नाणे बँकांमार्फत वाटले गेले का? पॅडिंग्टन अस्वलाची 2018-19 मधली चारही नाणी वाटली गेली. स्नोमॅन, ग्रफलो आणि 2020 पासूनची विनी द पूची नाणी पाकिटातूनच विकली गेली. 2016 चा ससा आधी खिशात आला आणि मग डबीत गेला. स्नोमॅन, ग्रफलो आणि पूला खिसा दिसलाच नाही.

कोणाला नाणे मिळाले नाही, हेही याच काळातले. रोआल्ड डालच्या 2016 मधल्या जन्मशताब्दीचा प्रस्ताव ब्रिटनच्या टांकसाळीने 2014 मध्येच बाजूला ठेवला, कारण त्याची ज्यूंविषयीची विधाने. एनिड ब्लायटन या लोकप्रिय लेखिकेचा प्रस्ताव वंशवादाच्या आरोपावरून अडला. दोन्ही निर्णय काही वर्षांनंतर टांकसाळीच्या बैठकांच्या इतिवृत्तांतून बाहेर आले, आणि वाद झाला तो तेव्हा.

रंगीत आवृत्तीबद्दल सावध राहावे. टांकसाळीची 2016 ची रंगीत नाणी चांदीच्या प्रूफवर, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या नाण्यावर, आली: घासून चकाकवलेली चकती, तसाच ठसा, आणि रंग नाणे पाडून झाल्यावर छापलेला. चलनातल्या साध्या सशावर निळे जाकीट दिसले, तर ते कोणीतरी नंतर चिकटवलेले स्टिकर आहे. भिंगाखाली कडेला त्याची पापुद्र्यासारखी किनार दिसते, आणि असे नाणे संग्राहकाच्या लेखी खराब झालेले. चांदीचे प्रूफ पुसायला गेल्यास आरशासारख्या भागावर केसासारखे ओरखडे उठतात, ते जात नाहीत. कडेनेच धरावे. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत काही वर्षांनी हिरवट चिकट थर चढतो, त्यामुळे टांकसाळीच्या मूळ कॅप्सूलमधून नाणे काढूच नये.