एलईडी लावले आणि इंडिकेटर पळत सुटला

गेल्या पावसाळ्यात माझ्या बारा वर्षांच्या हॅचबॅकच्या मागच्या दिव्यांत मी एलईडी बसवले. दोन ब्रेकचे, दोन इंडिकेटरचे. डिकीतलं प्लास्टिकचं झाकण काढायचं, होल्डर फिरवून बाहेर घ्यायचा, जुना बल्ब दाबून वळवायचा आणि नवा तसाच बसवायचा. अर्ध्या तासाचं काम. मी गाडीच्या मागे उभा राहिलो आणि बायकोनं ब्रेक दाबला. लालभडक, स्वच्छ उजेड पडला. मग तिनं इंडिकेटरचा दांडा ओढला आणि आतूनच ओरडली, “अहो, हा बघा कसा पळतोय!”

खरंच पळत होता. मोबाइलवर पंधरा सेकंद लावून मोजलं, तर बेचाळीस वेळा उघडझाप. मिनिटाला १६८. जुने बल्ब परत लावून मोजलं, तर पंधरा सेकंदांत एकवीस. बरोबर निम्मे. इंडिकेटरनं मिनिटाला ६० ते १२० वेळा उघडझाप करावी असा आपल्याकडे नियम आहे, म्हणजे ही घाई नियमातही बसत नव्हती. दिवे तर चारही नीट लागत होते. मग बिघाड कुठे?

बिघाड नव्हताच. गाडी आपलं काम चोख करत होती.

मागचा इंडिकेटर पेटला की विझला, हे गाडीला दिसत नाही. तिला कळतो फक्त त्या तारेतून जाणारा करंट. वैद्य जसा नाडीवरून माणूस ओळखतो, तशी गाडी करंटवरून बल्ब ओळखते. इंडिकेटरचा साधा बल्ब २१ वॅटचा असतो. १२ व्होल्टला तो पावणेदोन अँपिअर खातो. शाळेतला ओहमचा नियम लावला, तर तापलेल्या तंतूचा रोध जवळपास सात ओहम येतो. इंडिकेटरची उघडझाप करणाऱ्या फ्लॅशरच्या डबीत एक अगदी छोटा रोध बसवलेला असतो आणि बल्बांचा सगळा करंट त्यातूनच जातो. त्याच्या दोन टोकांमधला मिलिव्होल्टांत मोजावा लागेल इतका फरक आतली चिप सतत बघत असते. पुढचा-मागचा मिळून ठरलेला करंट जातोय तोवर उघडझाप संथ चालते. तो एका मर्यादेखाली आला, की चिप समजते की एक बल्ब उडाला, आणि उघडझाप दुप्पट वेगानं सुरू करते. चालकाला जागच्या जागी कळावं म्हणून ठेवलेली ही सोय आहे. आता माझा नवा एलईडी खात होता जेमतेम ०.२ अँपिअर. फ्लॅशरच्या हिशेबी मागचा बल्ब मेलेला होता.

आणखी जुन्या गाड्यांत ही चिप नव्हती. तिथे दोन धातूंची एकमेकांना चिकटवलेली पट्टी असायची. बल्बांचाच करंट तिला तापवायचा, दोन्ही धातू कमीजास्त प्रसरण पावले की पट्टी वाकायची, जोड सुटायचा, गार झाली की परत चिकटायची. तो टिक-टॉक आवाज म्हणजे खरोखर पट्टीचा आवाज होता. अशा फ्लॅशरवर एलईडी लावले तर उलटंच होतं. पट्टी तापण्याइतका करंटच जात नाही आणि दिवा न मिचकता नुसता जळत राहतो.

मग एवढा खटाटोप करायचा कशाला, असं कोणी विचारेल. माझं कारण ब्रेकलाइटचं होतं. साध्या बल्बाचा तंतू तापून पूर्ण उजळायला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा लागतो. एलईडी मात्र करंट येताच पेटतो. एक्स्प्रेसवेवर ताशी १०० किलोमीटरनं मागून येणारी गाडी तेवढ्या वेळात साडेपाच मीटर पुढे येते, म्हणजे एका हॅचबॅकच्या लांबीपेक्षा जास्त. हे अंतर मला फुकट मिळत असेल तर ते हवंच आहे.

एक गोष्ट घेतानाच बघा. लाल काचेमागे लाल एलईडी आणि पिवळ्या काचेमागे पिवळाच एलईडी हवा. पांढऱ्या एलईडीत निळा आणि पिवळा उजेड भरपूर, पण लाल थोडा. लाल काच बाकीचा अडवते आणि दुकानात डोळे दिपवणारा दिवा गाडीवर मलूल दिसतो.

आता पळणाऱ्या इंडिकेटरचा उपाय. ॲक्सेसरीच्या दुकानात गेलं की काउंटरवर एक सोनेरी वस्तू येते. बोटाच्या दोन पेरांएवढी, ॲल्युमिनियमची, अंगावर पन्हाळीसारख्या रेघा, दोन्ही बाजूंना स्क्रूसाठी कान आणि टोकांना दोन तारा. हाच लोड रेझिस्टर. माझ्या रेझिस्टरवर छापलं होतं ‘५०डब्ल्यू ६आरजे’. म्हणजे ५० वॅट, ६ ओहम, आणि शेवटचं अक्षर सांगतं की प्रत्यक्ष रोध पाच टक्के इकडेतिकडे असू शकतो. आत सिरॅमिकच्या कांडीवर रोधाची तार गुंडाळलेली असते. याला उलटसुलट बाजू नाही, कुठलीही तार कुठेही चालते. तो एलईडीशी समांतर जोडायचा. एक टोक इंडिकेटरच्या तारेला, दुसरं अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला. एकसर जोडला तर एलईडीच्या वाटेत अडथळा होईल, करंट आणखी कमी होईल आणि हाती काहीच लागणार नाही. समांतर जोडला की एलईडी आपला ०.२ अँपिअर घेतो आणि बाकीचा करंट रेझिस्टरमधून वाहतो. फ्लॅशर दोन्ही मिळून मोजतो आणि शांत होतो.

म्हणजे एलईडीनं जी वीज वाचवली, तीच आपण शेजारी बसून जाळायची. याची मला चुटपुट लागली, पण इंडिकेटर लागतो कितीसा वेळ! काळजी वाटली ती उष्णतेची.

इंजिन चालू असताना गाडीचा पुरवठा १२ व्होल्ट राहत नाही, १३.८ च्या आसपास जातो. ६ ओहमला त्यातून २.३ अँपिअर जातात आणि ३२ वॅटची उष्णता तयार होते. घरातली डाख लावायची इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, २५ वॅटची असते. तिच्यापेक्षा जास्त ताप या सोनेरी पेरातून निघतो. इंडिकेटर अर्धा वेळ विझलेला असतो म्हणून सरासरी १६ वॅट धरू. पण हाच रेझिस्टर ब्रेकलाइटला लावला आणि सिग्नलला पाय ब्रेकवरच राहिला, तर ३२ च्या ३२ वॅट अखंड. आणि अंगावरच्या ‘५० वॅट’ला भुलू नका. तो आकडा रेझिस्टर चांगल्या मोठ्या धातूच्या पत्र्याला घट्ट आवळलेला असतानाचा आहे. हवेत लोंबकळत ठेवला, तर त्याची ताकद निम्म्याच्याही बरीच खाली येते.

माझ्या एका मित्राच्या डिकीत जळका वास यायचा. झाकण उघडलं तेव्हा मीच चरकलो. दुकानातल्या पोरानं रेझिस्टर प्लास्टिकच्या केबल टायनं आतल्या जाजमाला बांधून ठेवला होता. टाय वितळून ओघळलेला. जाजमावर रेझिस्टरच्या रेघा तपकिरी उमटलेल्या, तव्यावर राहिलेल्या पोळीसारख्या. शेजारून जाणाऱ्या तारेचं पीव्हीसी मऊ पडून चपटं झालेलं. मागे पावसात अर्धा तास चारही इंडिकेटर लावून तो रस्त्याच्या कडेला थांबला होता, त्याचं हे फळ. आणखी अर्धा तास थांबला असता तर काय झालं असतं, याचा विचार मला आजही नको वाटतो.

म्हणून माझ्या गाडीला हात लावण्याआधी मी दोन गोष्टी ठरवल्या. पहिली, जिथे गरज नाही तिथे रेझिस्टर नको. जुन्या गाड्यांत ब्रेकलाइटच्या करंटकडे कोणी बघत नाही, त्यामुळे तिथे तो लावायचं कारणच नाही. माझ्या गाडीला मागच्या दोन इंडिकेटरपुरते दोनच लागले. दुसरी, लागेल तेवढीच उष्णता. सहज म्हणून १० ओहमचा रेझिस्टर आणून तात्पुरता जोडून बघितला, आणि माझा फ्लॅशर त्यावरही शांत झाला! पुढचा बल्ब साधाच असल्यामुळे एकूण करंट मर्यादेच्या वर राहिला. १० ओहमला ३२ च्या जागी १९ वॅट, आणि मिचकताना सरासरी साडेनऊ. दुकानदार सगळ्यांना ६ ओहमचाच देतात कारण तो कुठल्याही गाडीला चालतो. तुम्ही मात्र मोठ्या ओहमपासून सुरुवात करा.

बसवताना आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. डिकीच्या आतल्या पत्र्याला कंपनीचंच एक रिकामं भोक होतं. तिथे ॲल्युमिनियमची हातभर पट्टी कसली आणि तिच्यावर रेझिस्टर थर्मल पेस्ट (उष्णता पट्टीत नीट उतरावी म्हणून लावायचा लेप) लावून दोन स्क्रूंनी आवळला. कापड, फोम, प्लास्टिक यांपासून चार बोटं लांब. नवं भोक पाडायची वेळ आली तर मागे काय आहे ते चाचपून घ्या आणि कडांना रंग लावा, नाहीतर दोन पावसाळ्यांत तिथून गंज धरेल. इंडिकेटरची तार मल्टिमीटर लावून शोधली, रंगावर विसंबलो नाही. जोडाला दाबून बसणारी प्लास्टिकची क्लिप वापरतात. ती तारेला चिरून आत शिरते आणि त्या चिरेतून ओल जाते. मी जोड डाखले आणि वर हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी, चढवली.

मग इंजिन चालू ठेवून चारही इंडिकेटर अर्धा तास लावून ठेवले. पट्टी कोमट झाली होती. रेझिस्टरवर बोट टेकवता येत होतं, फार वेळ ठेवावंसं वाटत नव्हतं. वास नाही. मोबाइलवर परत मोजलं. पंधरा सेकंदांत एकवीस.

फ्लॅशरची डबी सुटी निघत असेल, तर खरं म्हणजे रेझिस्टरची भानगडच नको. करंट न मोजता स्वतःच्या घड्याळावर चालणारे, एलईडीला चालणारे फ्लॅशर मिळतात. जुना उपसायचा, तेवढ्याच पायांचा नवा खोचायचा, पायांचा क्रम जुळतोय ना एवढं बघायचं. माझ्या गाडीत तो दुसऱ्या एका मॉड्यूलमध्येच होता, म्हणून मला रेझिस्टरकडे जावं लागलं. अलीकडच्या गाड्यांत हे काम बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दिवे वगैरे सांभाळणारा गाडीतला छोटा संगणक, करतं. ते जास्त चौकस असतं. दिवा बंद असतानाही मधूनच विजेचा एक क्षणभराचा ठोका पाठवून तंतू शाबूत आहे का, ते तपासतं. साध्या बल्बाला त्या ठोक्यात तापायला वेळच मिळत नाही, पण एलईडी तेवढ्यावरही लुकलुकतो. रात्री बंद गाडीचे दिवे मंद फडफडताना दिसले तर ते हेच. अशा गाडीत तारा कापण्याआधी सर्व्हिस सेंटरमध्ये मॉड्यूलची सेटिंग बदलता येते का, ते विचारा.

राहिली एक गोष्ट, आणि मला तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते. रेझिस्टर लावला की फ्लॅशरची नाडीपरीक्षा संपते. उद्या माझा एलईडी खरंच मेला, तरी रेझिस्टर आपला करंट खात राहील, डॅशबोर्डवर टिक-टॉक संथ चालू राहील आणि मागच्याला मी वळतोय हे कळणारच नाही. नव्या फ्लॅशरचंही तेच, तो तर करंट मोजतच नाही. बल्ब गेला हे सांगणारा निरोप्या आपणच घरी पाठवलेला असतो.

आमच्या पार्किंगमध्ये गाडी मागे घेऊन लावतो, पाठीमागे पांढरी भिंत आहे. दर रविवारी रात्री किल्ली काढण्याआधी मी डावा, उजवा आणि ब्रेक लावून मागच्या आरशात बघतो. भिंतीवर दोन पिवळे आणि दोन लाल डाग दिसले की गाडीला कुलूप लावतो.