घोडेस्वारी प्रशिक्षकांचे परवाने आणि प्रमाणपत्रे

पैसे घेऊन घोडेस्वारी शिकवणाऱ्याकडे कोणते कागद हवेत, ते कोण देते आणि त्यासाठी काय करून दाखवावे लागते, हे देशागणिक बदलते. फ्रान्समध्ये सरकारमान्य पदविकेशिवाय मोबदला घेऊन शिकवणे हा गुन्हा आहे. ब्रिटन, भारत आणि अमेरिकेतील जवळजवळ सगळी राज्ये यांत असे बंधन नाही. बहुतेक ठिकाणी कायद्याची नजर घोड्यावर आणि तबेल्यावर असते. शिकवणाऱ्याची पात्रता पाहण्याचे काम खेळाच्या संघटना ऐच्छिक परीक्षा घेऊन करतात. ब्रिटनमध्ये ही विसंगती फार ठळक दिसते. तेथे १९७५ च्या नालबंद नोंदणी कायद्यामुळे नोंदणी नसलेल्या माणसाला घोड्याला नाल ठोकता येत नाही. त्याच घोड्यावर आठ वर्षांच्या मुलीला बसवून शिकवायला मात्र कसलीही नोंदणी लागत नाही.

ब्रिटन : परवाना तबेल्याचा

घोडे भाड्याने देणाऱ्या आणि स्वारी शिकवणाऱ्या तबेल्यांसाठी ब्रिटनमध्ये १९६४ चा कायदा आला आणि १९७० मध्ये त्यात भर पडली. परवाना स्थानिक प्रशासन देते. अर्जदार लायक आहे का हे ठरवताना ब्रिटिश हॉर्स सोसायटी या घोडेस्वारांच्या संस्थेची काही प्रमाणपत्रे या कायद्याने नावानिशी मान्य केली होती. पण त्यांना दोन पर्यायही ठेवले होते : घोडे सांभाळण्याचा अनुभव, किंवा तशी पात्रता असलेला माणूस नोकरीस ठेवणे. प्रमाणपत्र कायद्यात आले, पण सक्तीचे झाले नाही. प्रत्यक्ष मैदानात उभे राहून शिकवणाऱ्याबद्दल तर कायदा जवळपास गप्पच राहिला.

इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०१८ पासून प्राणीविषयक व्यवसायांची नवी नियमावली लागू आहे. परवाना एक ते तीन वर्षांचा मिळतो आणि सोबत एक ते पाच तारे. तारे जास्त असले की मुदतही लांबते. तपासणीत पशुवैद्याचा सहभाग असतो. परवानाधारकाकडे घोडे सांभाळण्याची औपचारिक पात्रता किंवा सिद्ध करता येईल असा अनुभव लागतो. स्वाराला झालेली इजा आणि स्वाराकडून दुसऱ्याला झालेली इजा, दोन्ही धरणारा विमा लागतो आणि त्याचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावे लागते. अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या हवाली तबेला कधीही करता येत नाही. स्वार एकटा जाण्याइतका तयार असल्याची परवानाधारकाची खात्री नसेल, तर सोबत किमान सोळा वर्षांची देखरेख करणारी व्यक्ती हवी. तीन वर्षे किंवा त्याहून लहान घोडा, गाभण अवस्थेत पुढे गेलेली घोडी आणि दूध पिते शिंगरू असलेली घोडी भाड्याने देता येत नाही. वेळ पडल्यास सगळे घोडे छपराखाली आणता आले पाहिजेत, आणि रिंगणात पाणी साचता कामा नये.

या नियमांतून एक मोठा वर्ग सुटतो. स्वतःचे घोडे नसलेला, लोकांच्या घरी जाऊन त्यांच्याच घोड्यावर त्यांना शिकवणारा फिरता प्रशिक्षक घोडा भाड्याने देत नाही, म्हणून त्याला परवाना लागत नाही. परवाना असलेल्या तबेल्यात निदान पशुवैद्याची नजर फिरते. फिरत्या प्रशिक्षकाच्या बाबतीत त्याचे प्रमाणपत्र आणि विमा एवढाच आधार उरतो.

प्रमाणपत्राच्या पायऱ्या

ब्रिटिश हॉर्स सोसायटी १९४७ मध्ये दोन जुन्या संस्थांच्या विलीनीकरणातून उभी राहिली. असिस्टंट इन्स्ट्रक्टर, इंटरमीजिएट इन्स्ट्रक्टर, इन्स्ट्रक्टर आणि सर्वांत वर फेलो अशी तिची जुनी उतरंड होती. अनेक प्रशिक्षकांच्या नावापुढे ती अक्षरे आजही दिसतात. आता पहिली ते पाचवी अशा पायऱ्या आहेत. तिसरी पूर्ण केली की कोच, चौथीला सीनियर कोच, पाचवीला परफॉर्मन्स कोच आणि त्यावर फेलो. घोड्याची निगा, स्वारी आणि शिकवणे या भागांची परीक्षा वेगवेगळी देता येते. त्यामुळे तिसऱ्या पायरीची निगा पार केलेला माणूस तिसऱ्या पायरीचा प्रशिक्षक असेलच असे नाही. जाहिरातीत ‘स्टेज थ्री’ एवढेच लिहिलेले असेल, तर कोणता भाग पूर्ण झाला हे विचारलेच पाहिजे.

दुखापत होते ती निगेतल्या त्रुटीतूनही, म्हणून हा भाग कमी लेखू नये. घोड्याचे पाय हाताने चाचपून उष्णता आणि सूज ओळखणे, पोटशूळाची सुरुवातीची लक्षणे, खोगीर मणक्यावर दाबते का हे पाहणे, स्वार आणि खोगीर मिळून वजन त्या घोड्याला झेपेल का हे ठरवणे, हे सगळे त्यात येते. वजनासाठी घोड्याच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांची मर्यादा सर्रास वापरतात. पाठ दुखणारा घोडा कँटरमध्ये (मध्यम वेगाच्या दौडीत) पाठ उचलून उडतो आणि खाली पडतो तो नवशिका. चूक घोड्याच्या नावावर जमा होते, पण ती खोगीर चढवतानाच झालेली असते.

शिकवण्याच्या परीक्षेत काय पाहतात

उमेदवाराला अनोळखी स्वार आणि अनोळखी घोडे मिळतात. साधारण २० बाय ४० मीटरच्या रिंगणात त्याला एकाला किंवा गटाला धडा द्यायचा असतो, लंजवर (लांब दोरीने घोडा आपल्याभोवती गोल फिरवत) शिकवायचे असते, आणि वरच्या पायऱ्यांवर उडीचा धडाही असतो. परीक्षक पहिल्या पाच मिनिटांतच बरेच काही ताडतो.

सुरुवात हेल्मेटपासून होते. ते मान्य मानकाचे आहे का, हनुवटीचा पट्टा घट्ट आहे का, आणि पूर्वी ते कशावर आपटलेले आहे का? जोराचा मार बसलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलायचे असते, कारण आतला फेस एकदाच दबतो. मग तंग, म्हणजे खोगीर बांधणारा पोटाखालचा पट्टा. स्वार बसण्यापूर्वी तंग आवळलेला असला, तरी घोड्याने फुगवलेली छाती सैल सोडली आणि खोगिराखालची गादी दबली की तो ढिला पडतो. म्हणून पाच-दहा मिनिटे चालवून तो पुन्हा पाहायचाच. ही दुसरी तपासणी विसरणे ही उमेदवारांची अगदी नेहमीची चूक आहे, आणि खोगीर एका बाजूला फिरून होणाऱ्या पडझडीचे तेही एक कारण.

लंजवर वर्तुळाचा व्यास १५ ते २० मीटर ठेवतात. त्याहून लहान वर्तुळात घोड्याच्या सांध्यांवर ताण येतो आणि स्वार बाहेर फेकला जातो. लंजची दोरी हातात घडीने धरायची, मनगटाला किंवा बोटांना कधीच गुंडाळायची नाही, कारण घोडा उधळला तर बोटे दोरीत अडकतात. हातमोजे सक्तीचे. साइड रेन्स (घोड्याचे डोके जागी धरणारे बाजूचे लगाम) घोड्याचे अंग मोकळे झाल्यावर लावायचे आणि स्वार चढताना-उतरताना सोडायचे. डोके बांधलेला घोडा बिचकला तर त्याला तोल सावरता येत नाही आणि तो मागे कोसळू शकतो.

ट्रॉटच्या (दुडक्या चालीच्या) सरावाच्या दांड्या घोड्यासाठी साधारण १.२ ते १.४ मीटर अंतरावर मांडतात, टट्टासाठी कमी. दोनच दांड्या कधी ठेवायच्या नाहीत. घोडा त्यांना एक रुंद अडथळा समजून उडी घेतो. मध्ये कँटरची एकच ढांग पडेल अशा दोन उड्यांत मोठ्या घोड्याला सुमारे ७.३ मीटर लागतात. लहान टट्टांच्या गटासमोर हे अंतर तसेच सोडले, तर टट्टू एक तर मध्ये तोकडी ढांग घालतो किंवा फार लांबून उडतो, आणि मूल मानेवर येते. उमेदवाराने पावलांनी अंतर मोजून, समोरचा घोडा पाहून ते बदलले का, हे परीक्षक बारकाईने बघतो.

पण खरी कसोटी असते दोष पाहून कारण सांगण्याची. ‘टाच खाली, टाच खाली’ असे ओरडणे कुणालाही जमते. टाच वर का जाते? बहुतेक वेळा स्वार गुडघ्याने खोगीर आवळत असतो, किंवा रिकीब लांब झालेली असते आणि पाय तिला शोधत असतो. रिकीब दोन भोके वर घेतली आणि मांडी सैल सोडायला लावली, की टाच आपोआप उतरते. लक्षणावर ओरडणारा आणि कारणावर हात घालणारा, एवढ्या एका फरकासाठीच ही परीक्षा घेण्यासारखी आहे. याखेरीज मार्क जातात ते एकाच जागी उभे राहिल्याने, गटातला शेवटचा स्वार नजरेआड गेल्याने, आणि आखलेला धडा घोडा आज बिथरलेला आहे हे दिसूनही तसाच रेटल्याने.

परीक्षा पास होऊन काम संपत नाही. मान्यताप्राप्त प्रशिक्षकांच्या यादीत राहण्यासाठी प्रथमोपचार, बालसुरक्षा प्रशिक्षण, गुन्हेगारी पार्श्वभूमीची पडताळणी, विमा आणि चालू शिक्षण हे सगळे मुदतीत नवे करत राहावे लागते. भिंतीवरचे प्रमाणपत्र कायमचे असते, यादीतले नाव तसे नसते. म्हणून पाहायची ती आजची यादी.

इतर देश

फ्रान्समध्ये क्रीडासंहितेनुसार मोबदला घेऊन कोणताही खेळ शिकवायला राष्ट्रीय नोंदणीतील पदविका लागते. अश्वारोहणात तिची नेहमीची पायरी बीपीजेईपीएस ही व्यावसायिक पदविका आहे, वर डीईजेईपीएस आणि डीईएसजेईपीएस. पदविकाधारकाला व्यावसायिक ओळखपत्र मिळते, ते दर पाच वर्षांनी नवे करायचे असते, आणि त्या वेळी गुन्ह्यांची नोंद तपासली जाते. पदविकेशिवाय शिकवल्यास एक वर्षापर्यंत कैद आणि १५,००० युरो दंडाची तरतूद आहे. स्वाराची स्वतःची तयारी मोजणारी गॅलॉप ही श्रेणी यापासून वेगळी आहे. सातवा गॅलॉप हा शिकवण्याचा अधिकार देत नाही.

जर्मनीत दोन वाटा आहेत. वारेनडॉर्फ येथील राष्ट्रीय अश्वारोहण महासंघ क्लबांसाठी ट्रेनर सी, बी आणि ए असे परवाने देतो. सी श्रेणीचा अभ्यासक्रम ४५ मिनिटांच्या किमान १२० तासिकांचा असतो, आणि परवाना टिकवायला मुदतीआधी उजळणीवर्ग करावे लागतात. ज्यांना यावरच पोट भरायचे आहे ते ‘फेर्डेविर्ट’ ही तीन वर्षांची उमेदवारी करतात आणि पुढे मास्टर होतात. व्यवसाय म्हणून स्वारीचा तबेला चालवायला प्राणीसंरक्षण कायद्याच्या कलम ११ खाली परवानगी लागते, ती घोड्यांविषयीचे ज्ञान सिद्ध केल्यावरच.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स हा अपवाद. तेथे मोबदला घेऊन शिकवणाऱ्याला राज्याच्या कृषी खात्याचा परवाना लागतो आणि त्याआधी परवानाधारकाच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते. इतरत्र सर्टिफाइड हॉर्समनशिप असोसिएशनसारख्या संस्थांची ऐच्छिक प्रमाणपत्रे चालतात. दिव्यांगांना शिकवण्यासाठी पाथ इंटरनॅशनलचे प्रमाणपत्र वेगळे आहे, आणि ते वेगळे असणेच योग्य. स्नायूंवर ताबा नसलेल्या मुलाला घोड्यावर चढवणे-उतरवणे, दोन्ही बाजूंना चालणारे मदतनीस आणि आणीबाणीत उतरवण्याची रीत हे साध्या प्रशिक्षकाच्या अभ्यासक्रमात पुरेसे येत नाही.

एका देशातले प्रमाणपत्र दुसऱ्या देशात कळावे म्हणून आंतरराष्ट्रीय अश्वारोहण पात्रता गटाने इंटरनॅशनल ट्रेनर पासपोर्ट काढला. तो सदस्य देशांच्या पात्रता समान पायऱ्यांवर बसवतो. कामाचा परवाना किंवा व्हिसा मात्र त्याने मिळत नाही, आणि फ्रान्समधली पदविकेची अट त्याने आपोआप पुरी होत नाही.

भारत आणि महाराष्ट्र

भारतात घोडेस्वारी शिकवायला कायद्याने कोणताही परवाना लागत नाही. १९६७ मध्ये स्थापन झालेला भारतीय अश्वारोहण महासंघ स्पर्धांचे नियमन करतो. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या प्रशिक्षक अभ्यासक्रमांना क्रमवार पातळ्या आहेत, पण त्या केल्याशिवाय तबेला उघडू नये असे कोठेही लिहिलेले नाही. प्रेक्षकांसमोरच्या अश्वस्पर्धांत उतरणारे घोडे मात्र २००१ च्या सादरीकरण प्राण्यांच्या नोंदणी नियमांत येतात. म्हणजे येथेही नोंदणी घोड्याची.

देशातल्या स्वारी शिक्षणाचा कणा लष्कर आहे. मेरठचे रिमाउंट व्हेटर्नरी कोअर (लष्करी घोडे आणि पशुवैद्यक) केंद्र, जयपूरचे ६१ कॅव्हलरी हे घोडदळ आणि खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी येथे घडलेले रिसालदार आणि उस्ताद निवृत्तीनंतर क्लबांत आणि शाळांत शिकवतात. घोड्याची जाण, शिस्त आणि बैठक पक्की करणे यांत त्यांचा हात धरणारे थोडे. मात्र सैनिकी अभ्यासक्रम तरुण, धडधाकट जवानासाठी आखलेला असतो. सात वर्षांच्या मुलाची भीती, त्याच्या मापाचे टट्टू आणि पालकांशी बोलणे यांची तयारी वेगळी करावी लागते, आणि ती करून देणारा छोटा अभ्यासक्रम क्लबांनी स्वतःच चालवायला हवा. मुंबईत महालक्ष्मीचा अमॅच्युअर रायडर्स क्लब १९४२ पासून आहे. पुण्याच्या परिसरातही शिकवणारे तबेले आहेत.

माथेरान, महाबळेश्वर आणि पाचगणीतली पर्यटकांची रपेट हा वेगळा व्यवसाय. माथेरानमध्ये नगरपरिषद घोड्यांना परवाने देते. अश्वपाल घोडा धरून पर्यटकाला फिरवतो, स्वारी शिकवत नाही. त्या अनुभवावर कोणी शिकवणीवर्ग काढला, तर त्याला प्रशिक्षक म्हणून वेगळे तोलले पाहिजे.

परवाना नसल्याने भारतात पडताळणीचा भार पालकांवर आणि क्लबवर येतो. प्रमाणपत्र कोणी दिले, कोणत्या भागाचे, नूतनीकरण कधी झाले, हे मूळ कागदावर पाहावे. प्रथमोपचाराचे प्रशिक्षण किती जुने आहे ते विचारावे. बालकांना शिकवणाऱ्याची पोलीस पडताळणी करून घ्यावी. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही न कळवणे हा पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, हे तबेल्यातल्या मोतद्दारापर्यंत प्रत्येकाला ठाऊक हवे. घोड्यांची ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगासाठी तपासणी झाली आहे का हेही विचारायला संकोच नको. हा रोग माणसालाही होतो. विम्याची प्रत मागावी आणि ती वाचावी, कारण अनेकदा विमा घोड्याचा असतो, स्वाराचा नसतो. प्रवेशाच्या वेळी ‘इजा झाल्यास आम्ही जबाबदार नाही’ अशा हमीपत्रावर सही घेतात. त्या सहीने निष्काळजीपणाची फौजदारी जबाबदारी टळत नाही. अपघातानंतर प्रश्न निघतात ते असे : हेल्मेट कसले होते, तंग पुन्हा तपासला होता का, हा घोडा या स्वाराला कोणी आणि का दिला. यांची उत्तरे त्याच दिवशी, तारीख-वेळेसह नोंदवहीत लिहिलेली असावी लागतात.