आठवण धूसर नव्हती, भिंग साधं होतं

"मावशी, हे बघ तुझं लहानपण!" असं म्हणत भाचीनं फोन माझ्या नाकासमोर धरला. ठाण्याच्या तलावपाळीचा गेल्याच महिन्यातला फोटो तिनं कुठल्याशा ॲपला खाऊ घातला होता. ॲपनं त्यावर गुलाबीसर पिवळट रंग फासला होता आणि सगळं पुसट करून दिलं होतं. मला त्यात लहानपण काही दिसलं नाही. चष्मा घरी विसरून नौपाड्यातून स्टेशनकडे निघाल्यावर जग जसं दिसतं, तसं मात्र हुबेहूब दिसलं.

त्या ॲपनं केलेली चूक पुष्कळ लोक करतात, म्हणून हा लेख. धूसर म्हणजे फोकस गेलेलं, असं आपण धरून चालतो. पण या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

त्याआधी एक गैरसमज बाजूला करू. लहान बाळाला अंधूक दिसतं, म्हणून लहानपणच्या आठवणी अंधूक असतात, असं कुणीतरी ठोकून देतं आणि ते फिरत राहतं. यातला पहिला भाग खरा आहे. नवजात बाळाला साधारण वीत-दीड वीत अंतरावरचंच जरा बरं दिसतं. पण मोठेपणी आपल्याला आठवणारी पहिली आठवण सरासरी तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते, आणि तोवर डोळे चांगले कामाला लागलेले असतात. मसुंदा तलावातल्या बोटीचा निळा रंग मी पाहिला तो लख्खच पाहिला. आठवणीत तपशील गळतात, मागाहून ऐकलेल्या गोष्टी मिसळतात, पण तिथे कुणी धुकं सोडत नाही.

मग आपल्या डोक्यात हे धुकं आलं कुठून? माझ्या मते, आल्बममधून. आपलं लहानपण आपण जितकं आठवतो, त्याहून जास्त वेळा फोटोत पाहिलेलं असतं, आणि ते फोटो साध्या भिंगाच्या कॅमेऱ्यांनी काढलेले असतात. १९०० साली कोडॅकनं एका डॉलरला ब्राउनी कॅमेरा विकायला काढला, त्यात एकच साधं भिंग होतं. आपल्याकडे एकेकाळी बऱ्याच घरांत असलेला आग्फा क्लिक थ्री कॅमेरा त्याच कुळातला: फोकस कायमचा ठरलेला, एका रोलवर बारा चौकोनी फोटो, आणि तेही काका म्हणतील तेव्हाच. पुढे रंगीत फोटो आले, तर त्यांचे रंग उडाले. त्या काळच्या बऱ्याच फोटो-कागदांत, आल्बम कपाटात बंद असला तरी, निळसर-हिरवा म्हणजे सायन रंग आधी फिका पडे. सायनचं काम लाल प्रकाश शोषायचं. तोच गेला की लाल मोकाट सुटतो आणि सगळी मुंज गुलाबी दिसायला लागते. ठाण्याची दमट हवा त्याला हातभार लावतेच.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येते. जरा लांबेल.

लहानपणी भिंगानं कागद जाळला नाही असं मूल विरळा. सूर्याचे किरण एका बिंदूत गोळा होतात, असं आपण शिकलो. दहावीच्या पुस्तकातल्या आकृतीत ते होतातही. पण ती आकृती एक लबाडी करते. काचेत शिरताना प्रकाश किती वळतो हे सांगणारा स्नेलचा नियम कोनाच्या साइनबद्दल बोलतो, आणि भिंगाचं सोपं सूत्र मांडताना आपण साइनच्या जागी सरळ कोनच घेतो (रेडियनमध्ये). दहा अंशांना यात जेमतेम अर्ध्या टक्क्याची चूक होते. तीस अंशांना ती जवळजवळ पाच टक्के होते. भिंगाच्या मध्यातून जाणारे किरण पृष्ठभागाला बारीक कोनात भेटतात, त्यांना ही लबाडी चालते. कडेचे किरण मात्र मोठ्या कोनात येतात, गरजेपेक्षा जास्त वळतात आणि नाभीच्या, म्हणजे मधले किरण जमतात त्या बिंदूच्या, अलीकडेच एकमेकांना छेदतात. पाच सेंटिमीटर व्यासाचं आणि दहा सेंटिमीटर नाभीय अंतराचं दोन्हीकडून सारखं फुगीर भिंग घेतलं, तर अगदी कडेचे किरण साधारण एक सेंटिमीटर अलीकडे जमतात. याला गोलीय विपथन म्हणतात. जर्मन गणिती लुडविग झायडेल यांनी १८५० च्या दशकात भिंगांचे असे पाच दोष नीट मांडले, त्यातला हा एक.

आता पडदा मधल्या किरणांच्या नाभीवर ठेवा. मधले किरण तिथे एक टोकदार ठिपका काढतात. कडेचे किरण आधीच छेदून पुढे पसरलेले असतात, ते त्या ठिपक्याभोवती फिकट वलय टाकतात. म्हणजे प्रत्येक बिंदूचं चित्र होतं गाभा अधिक वलय. फोकस गेलेल्या फोटोत गाभाच उरत नाही, सगळा प्रकाश एका चकतीत सारखा पसरतो. साध्या भिंगाच्या फोटोत आईच्या पापण्या मोजता येतात आणि तरीही चेहरा मऊ दिसतो, तो यामुळे.

शिवाय हे वलय सगळीकडे सारखं जाणवत नाही. त्यात प्रकाश असतो थोडासाच. काळ्या केसांच्या बिंदूचं वलय कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण दिवा शेजारच्या भिंतीपेक्षा हजारपट तेजस्वी असेल तर त्याच्या प्रकाशाचा किरकोळ हिस्साही भिंत उजळून टाकतो. तेज सांडतं आणि सावल्यांत मुरतं. काळा रंग राखाडी होतो. हेच ते धुकं.

ॲप इथेच मार खातं. फोनच्या साध्या फोटोत प्रत्येक रंगाच्या तेजाचा आकडा २५५ पर्यंतच जातो. रस्त्यावरचा दिवा २५५, आणि उन्हातला पांढरा शर्टही २५५. दिवा खरा किती तेजस्वी होता, ही माहिती तिथेच मेली. मग ॲप दिवा आणि शर्ट दोघांना सारखंच पसरवतं. भिंगातलं वलय मात्र आकडा कापला जाण्याच्या आधी, प्रकाश अजून प्रकाश असतानाच तयार होतं. भाचीला हे समजावताना ती दोनदा जांभई देऊन गेली, तेव्हा वाचकांनी दिली तरी मी समजून घेईन.

म्हणून आम्ही एक खोकं केलं. बुटांचा डबा, आतून काळा चार्ट पेपर, पुढच्या बाजूला स्टेशनजवळच्या दुकानातून आणलेलं भिंग, मध्ये पुढे-मागे सरकणारा बटर पेपरचा पडदा, आणि मागच्या भोकाला फोन. भिंग बटर पेपरवर उलटं चित्र पाडतं, फोन त्याचा फोटो काढतो. पुढच्या बाजूला काळ्या कागदाच्या चकत्या बदलायच्या, वेगवेगळ्या व्यासाच्या भोकांच्या. गंमत इथे आहे: वलयाचा व्यास भोकाच्या व्यासाच्या घनाप्रमाणे बदलतो. भोकाचा व्यास निम्मा केला की प्रकाश चौथा हिस्सा होतो, पण वलय एक-अष्टमांश! पाच सेंटिमीटरला गडकरी रंगायतनसमोरचे दिवे कापसाच्या बोळ्यांसारखे दिसले, अडीचला ते बऱ्यापैकी शहाणे झाले. आम्हाला आवडलं साडेतीनचं.

बाकी प्रकार झटपट सांगते. भिंगावर श्वास सोडून काढलेला फोटो छान येतो, पण पाच-दहा सेकंदांचा खेळ. व्हॅसलीन लावायचं तर साध्या काचेच्या फिल्टरवर, लेन्सवर कधीच नाही. जुना स्टॉकिंग ताणून बसवला तर जाळीतून विवर्तन होऊन, म्हणजे धाग्यांच्या कडांशी प्रकाश वळून, दिव्यांना ताऱ्यासारख्या रेषा फुटतात. पिनहोल (भिंगाऐवजी नुसतं बारीक भोक, दहा सेंटिमीटर खोल डब्याला साधारण ०.४ मिलिमीटरचं भोक) सगळंच सारखं मऊ करतं, वलय देत नाही, म्हणून माझं त्यावर तितकंसं प्रेम नाही.

आमच्या जुन्या आल्बममध्ये आजीचा देवघरातला एक फोटो आहे. समईभोवती मोठं तेजोवलय आहे आणि ते आजीच्या डोक्यापर्यंत पोचलंय. नात्यातल्या एका काकू तो दरवर्षी मागून घेतात, नमस्कार करतात आणि साक्षात्काराची गोष्ट सांगतात. हल्ली पैसे घेऊन 'ऑरा'चे, म्हणजे माणसाभोवतीच्या म्हणे तेजोवलयाचे, फोटो काढून देणारेही भेटतात. मी काकूंना खोकं दाखवलं, चकती बदलून वलय लहान-मोठं करून दाखवलं. त्यांनी शांतपणे बघितलं आणि म्हणाल्या, "हे तुझं भिंग झालं. ते आईंचं होतं."

एक ताकीद: खोकं उन्हात तोंड उघडं ठेवून विसरू नका. आमचं गॅलरीत राहिलं आणि बटर पेपरच्या कोपऱ्यात भोक जळलं. तेव्हापासून प्रत्येक फोटोत त्याच जागी एक काळा ठिपका येतो. मी कागद बदलायला निघाले होते, भाची बदलू देत नाही.