हेडलाईट मंद झालाय? बल्ब बदलण्याआधी व्होल्ट मोजा

जुन्या गाडीचे हेडलाईट मंद वाटायला लागले की बहुतेकांच्या डोक्यात पहिला विचार येतो तो जास्त वॅटचा नाहीतर पांढराशुभ्र एलईडी बल्ब टाकायचा. जरा थांबा. पुष्कळ वेळा बल्ब बिचारा ठणठणीत असतो, त्याच्यापर्यंत वीजच धड पोचत नसते, आणि जो काही प्रकाश तो देतो त्यातला बराचसा पिवळ्या पडलेल्या काचेत अडकतो, मग तुम्ही कितीही भारी बल्ब आणा, रडगाणं तेच.

आधी विजेचं बघू, कारण खरी गंमत तिथेच आहे. जुन्या गाड्यांत बहुतेक एच४ जातीचा हॅलोजन बल्ब असतो, मागे तीन पट्ट्या, आत दोन फिलामेंट, अप्परचं (लांबवरचा झोत) ६० वॅटचं आणि डिपरचं (खाली पडणारा झोत) ५५ वॅटचं. हे फिलामेंट म्हणजे टंगस्टनची तार, आणि चालू असताना ती तीन हजार अंश सेल्सिअसच्या जवळपास तापते. एवढी तापूनसुद्धा तिची बहुतेक ऊर्जा उष्णता म्हणूनच जाते, डोळ्याला दिसणारा प्रकाश त्यातला थोडासाच. आता व्होल्टेज किंचित कमी झालं की तारेचं तापमान किंचित उतरतं, पण तेवढ्यानेच दिसणाऱ्या प्रकाशाचा वाटा धाडकन खाली येतो. ढोबळ हिशेब असा की प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. म्हणजे इंजिन चालू असताना बल्बला १३.५ व्होल्ट मिळायला हवे होते आणि मिळाले १२, तर व्होल्टेज गेलं ११ टक्के पण प्रकाश गेला जवळजवळ एक तृतीयांश! ११.५ वर आलात तर ४० टक्क्यांच्या वर गेला. बल्ब तोच, गाडी तीच.

हे दीड-दोन व्होल्ट जातात कुठे? जुन्या गाड्यांत बॅटरीपासून निघालेला करंट फ्यूज बॉक्समधून डॅशबोर्डच्या स्विचपर्यंत येतो, तिथून डिपरच्या दांडीत, तिथून परत पुढे बल्बला, आणि बल्बमधून बॉडीच्या अर्थिंगला. बारीक वायर, डझनभर जोड, वीस-वीस वर्षांची ओल आणि धूळ. दोन्ही डिपर मिळून साधारण १० अँपिअर ओढतात, सगळ्या वाटेत मिळून ०.१५ ओहम जरी रेझिस्टन्स वाढला तरी दीड व्होल्ट तिथेच संपले. शिवाय ते नुसते संपत नाहीत, त्यांची उष्णता होते. एकाच कनेक्टरमध्ये ०.२ ओहमचा खराब जोड असेल आणि त्यातून ५ अँपिअर जात असतील तर ५ वॅट उष्णता त्या नखाएवढ्या पट्टीवर सतत. म्हणून बल्बच्या मागचा कनेक्टर ओढून काढला की कधीकधी प्लास्टिक एका खाचेजवळ तपकिरी होऊन वितळलेलं दिसतं, आतली पितळी पट्टी काळीनिळी पडलेली आणि सैल, हाताने हलवली तरी हलते. असं दिसलं तर तो कनेक्टर घासूनपुसून परत लावू नका, सरळ सिरॅमिकचा घ्या.

आता मोजायचं कसं, कारण इथे चांगले चांगले फसतात. लोक बल्ब काढतात, कनेक्टरमध्ये मल्टिमीटरचे (व्होल्ट, ओहम मोजायचा मीटर) प्रोब टोचतात, १२.६ दिसतं आणि म्हणतात सप्लाय बरोबर आहे. पण मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही, आणि करंट नाही तर व्होल्टेज पडणार कसं? वायरची एकच शेवटची बारीक तार शाबूत असली तरी मीटर १२.६ च दाखवेल. म्हणून मोजमाप नेहमी बल्ब लावून, लाईट चालू ठेवून, शक्यतो इंजिनही चालू ठेवून करायचं (पंखा आणि बेल्टपासून हात आणि वायरी लांब). एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर, दुसरा बल्बच्या प्लसच्या पट्टीवर मागून टेकवायचा, जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट वाटेत गेले. मग तसंच बॅटरीचा मायनस आणि बल्बची अर्थची पट्टी. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर छान, एकाच्या वर गेलं की वायरिंगवर काम करायचं. दोन्ही आकडे उत्तम आणि तरीही मंद असेल तर बॅटरीवरच मोजा, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या आसपास हवेत, नसतील तर दोष अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) नाहीतर त्याच्या बेल्टचा. आणि उलट १५ च्या वर दिसले तर बल्ब सारखे का उडतात त्याचं उत्तर मिळालं, कारण व्होल्टेज ५ टक्के वाढलं तरी हॅलोजनचं आयुष्य जवळपास निम्मं होतं.

आणखी एक, ५५ वॅटच्या फिलामेंटचा रेझिस्टन्स हिशेबाने २.६ ओहम यायला हवा पण थंड बल्बवर मीटर ओहमचा काही दशांशच दाखवतो, म्हणून शॉर्ट आहे समजून फेकू नका. धातू तापला की रेझिस्टन्स वाढतो, टंगस्टनचा तर दहापटीहून जास्त. त्याचमुळे स्विच दाबल्याच्या क्षणी करंटचा मोठा झटका बसतो आणि बल्ब जातो तो बहुतेक तेव्हाच.

एकाच बाजूचा हेडलाईट मंद असेल तर आधी त्या बाजूचं अर्थिंग बघा. याची एक मजेदार खूण आहे. एच४ मध्ये दोन्ही फिलामेंटचं अर्थ एकच असतं. ते तुटलं की डिपरचा करंट जाणार कुठे, तर तो त्याच बल्बच्या अप्परच्या फिलामेंटमधून उलटा जातो, अप्परच्या वायरने पलीकडच्या बल्बपर्यंत पोचतो आणि तिथल्या अर्थमधून बाहेर पडतो. परिणाम काय तर इकडचा बल्ब विझू-विझू आणि डॅशबोर्डवर अप्परचा निळा दिवाही हलकासा पेटलेला, तुम्ही अप्पर लावलेला नसताना! बॉडीवरचा तो अर्थचा स्क्रू काढून, खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासून, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) बदलून परत आवळला की काम झालं.

वाट लांब आणि बारीक असेल तर मात्र खरा अपग्रेड म्हणजे रिले, म्हणजे लहान करंटने चालू-बंद होणारा मोठ्या करंटचा स्विच. बॅटरीपासून २.५ चौरस मिलिमीटरची जाड वायर थेट पुढे आणायची, बॅटरीजवळच फ्यूज लावायचा, आणि मध्ये रिले. जुना स्विच आता फक्त रिलेच्या कॉइलला चालू-बंद करतो, त्यातून अँपिअरचा लहानसा अंशच जातो, त्यामुळे स्विचही वाचतो. ही जाड वायर दर मीटर लांबीला जेमतेम ०.००७ ओहमची, अर्ध्या चौरस मिलिमीटरची वायर याच्या पाचपट. फक्त एक बघून घ्या, काही जुन्या जपानी गाड्यांत प्लस दोन्ही फिलामेंटला एकत्र असतो आणि स्विच अर्थची बाजू तोडतो, तिथे नेहमीचा तयार हार्नेस (रिलेसकट वायरींचा संच) जसाच्या तसा चालत नाही.

रिले न लावता १००/९० वॅटचे बल्ब टाकणं म्हणजे आगीशी खेळ. करंट दीडपटीच्या वर, जुनी वायर तीच, उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, आणि आत रिफ्लेक्टरही करपतो. बऱ्याच देशांत रस्त्यावर ते चालतही नाहीत.

वीज झाली, आता काच. काचेच्या जागी पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक आल्यापासून ही पिवळेपणाची कटकट आहे, अतिनील किरणांनी वरचं कोटिंग आधी जातं आणि मग प्लास्टिकच. ८०० नंबरपासून ३००० नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर पाणी मारत फिरवले आणि शेवटी पॉलिश केलं की काच नव्यासारखी होते, पण वर यूव्ही कोटिंग मारलं नाही तर काही महिन्यांत परत पिवळी. टूथपेस्टचा उपाय फोटोपुरता. आतला रिफ्लेक्टर मात्र फडक्याने पुसू नका, त्यावरचा ॲल्युमिनियमचा थर मायक्रॉनच्याही अंशाइतका असतो, फडक्याबरोबर निघून येतो.

आणि आता एलईडी. एच४ मध्ये डिपरचं फिलामेंट ठरलेल्या जागी असतं, त्याच्याखाली एक चिमुकली धातूची वाटी, ती खालच्या बाजूचा प्रकाश अडवते म्हणून रिफ्लेक्टरचा वरचाच भाग उजळतो आणि बीम खाली रस्त्यावर पडतो. रिफ्लेक्टरचा प्रत्येक भाग त्या तारेच्या जागेवरून आखलेला असतो. एलईडीच्या चिप दोन बाजूंना चपट्या बसवलेल्या, मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं की प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत, आणि गाडीपुढची जमीन झगझगीत उजळल्याने तुमच्या बुबुळाचं छिद्र बारीक होऊन लांबचं उलट कमी दिसतं. म्हणून तर जर्मनीतही २०२० पासून ठरावीक एलईडी बल्ब ठरावीक मॉडेललाच मंजूर होतात, सरसकट नाही. निळसर हॅलोजनचं तर बोलायलाच नको, निळा रंग म्हणजे बाकीचा प्रकाश गाळून टाकणारा फिल्टर. चांगल्या कंपनीचा साधा ६०/५५ घ्या, बल्बच्या काचेला बोट लावू नका (बोटाचं तेल लागलं की तेवढीच जागा जास्त तापते आणि क्वार्ट्झ खराब होतं), बस्स.

यातलं काहीही केलं तरी शेवटी ॲडजस्टमेंट करावीच लागते. सपाट जागा, टायरमध्ये बरोबर हवा, ड्रायव्हर आत बसलेला, समोर भिंत. भिंतीवर हेडलाईटच्या मध्याची उंची खुणेने मारायची आणि डिपरची वरची कड त्या खुणेच्या खाली आणायची, साधारणपणे एक टक्का उतार, म्हणजे ५ मीटरवर ५ सेंटीमीटर, नेमका आकडा बऱ्याचदा हेडलाईटच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. गाडीत उंची कमी-जास्त करायची चकती असेल तर आधी ती शून्यावर आणा, आणि डिकी भरून मागे तीन माणसं बसली की मात्र ती फिरवायला विसरू नका, कारण मागची बाजू दबली की पुढचा बीम वर जातो आणि समोरचा गाडीवाला तुम्हाला अप्पर मारत बसतो.